काउंटीची बाई घरी येईल तेव्हा

अगं, सासूबाईंना मेडि-कॅल मिळालंय ना? मग आयएचएसएसचा, म्हणजे घरी मदतीला माणूस देणाऱ्या सरकारी योजनेचा, अर्ज भरून टाक. मेडिकेअर रोजच्या आंघोळी-जेवणाला कायमचं माणूस देत नाही. कॅलिफोर्नियात ते या योजनेतून मिळतं. किती तासांचं, ते काउंटीची सोशल वर्कर घरी येऊन ठरवते.

ती येईल त्या दिवशी सासूबाईंना ठणठणीत दाखवू नकोस. आपल्या बायका पाहुण्यासमोर पदर सावरून ‘माझं मी करते हो’ म्हणणार, आणि तास तिथेच कापले जाणार. आपल्या फ्रीमाँटमधल्या अफगाण, फिलिपिनो, मेक्सिकन घरांतही मी हेच पाहिलंय. या योजनेत घरच्या माणसालाही पगार मिळतो, पण आईचं करायला पैसे कसले घ्यायचे, म्हणून लेकी गप्प बसतात. महिन्याला जास्तीत जास्त 283 तास मिळू शकतात, पण ते मिनिटामिनिटाने जमतात: कपडे चढवणं, संडासला नेणं, स्वयंपाक, धुणं, डॉक्टरकडे सोबत. रात्री किती वेळा उठावं लागतं ते आधीच वहीत लिहून ठेव. आणि सांगायचं ते वाईट दिवसाचं. विसरभोळेपणात त्या गॅस चालू ठेवून बाहेर पडत असतील, तर सतत लक्ष ठेवायचे तास ‘प्रोटेक्टिव्ह सुपरव्हिजन’ असं नाव घेऊन माग.

दुभाषा काउंटीकडून घे, फुकट असतो. नातवाला बसवू नकोस. लघवी कपड्यात होते, हे आजी त्याच्यासमोर बोलेल का?

तास कमी केल्याचं पत्र आलं तर अपिलाला 90 दिवस असतात. पण कपात लागू व्हायच्या आत अपील केलंस तर निकालापर्यंत जुने तास चालू राहतात.

बाहेरची बाई ठेवलीस तर तिचा कप वेगळा काढू नकोस, एवढं माझं ऐक. या कामाला इथेही फार काळ कमी लेखलंय. 1938 च्या इथल्या किमान वेतनाच्या कायद्यात घरकाम करणाऱ्यांना धरलंच नव्हतं, आणि त्यांत कृष्णवर्णीय बायका खूप होत्या. म्हाताऱ्यांचं घरी येऊन करणाऱ्या एजन्सीच्या बायकांना तो कायदा लागू व्हायला 2015 उजाडलं.

तूच करणार असशील तर बोटांचे ठसे आणि ओरिएंटेशन उरकून घे. त्यांच्याच घरात राहतेस, त्यामुळे या पगारावर फेडरल आयकर लागत नाही. तसा फॉर्म मात्र भरावा लागतो. टाइमशीट महिन्यातून दोनदा, आणि मंजुरी सासूबाईंची. ठेवणं-काढणंही त्यांच्याच हातात, कायद्याने मालकीण त्याच. तेव्हा जरा जपून हं!