एक प्रदेश, अनेक कपाटे : पालघर–तारापूर परिसराच्या ग्रंथशोधाची दिशा

पदव्युत्तर वर्गात प्रादेशिक साहित्याचा विचार सुरू झाला आणि कोकणाचा उल्लेख आला की काही नावे ओघानेच घेतली जातात. श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' (१९५२) आणि गो. नी. दांडेकर यांची 'पडघवली' (१९५५) या कादंबऱ्या त्यांत अग्रभागी असतात. या कृतींचे वाङ्मयीन महत्त्व निर्विवाद आहे. मात्र त्यांतून उभे राहणारे कोकण हे मुंबईच्या दक्षिणेचे कोकण आहे. वैतरणा ओलांडून उत्तरेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील केळवे, पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू हा पट्टा आणि त्याच्या पूर्वेकडील डोंगराळ आदिवासी मुलूख या यादीत दिसत नाही. त्यामुळे 'उत्तर कोकणाला साहित्य नाही' असा एक समज अध्यापनाच्या व्यवहारात नकळत दृढ होतो. हा समज वाङ्मयप्रकाराच्या चौकटीतून निर्माण झालेला आहे. या प्रदेशाविषयीचे ग्रंथ आहेत, परंतु ते कादंबरीच्या कपाटात नाहीत, एवढेच प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. त्याचबरोबर हे विखुरलेले ग्रंथ शेजारी ठेवून वाचल्याने अर्थात कोणता फरक पडतो, याचाही विचार करावयाचा आहे.

१. नावांचा आणि वर्गांकांचा अडसर

ग्रंथशोधातील पहिली अडचण नावाची आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या ग्रंथांत हा प्रदेश 'ठाणे जिल्हा' म्हणून येतो. आणखी मागे गेल्यास १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आजच्या पालघर तालुक्याचा भाग 'माहीम' या नावाने नोंदलेला सापडतो. तारापूरची माहितीही तेथेच मिळते. उंबरगाव हा जुन्या ठाणे जिल्ह्याचा भाग १९६० मध्ये गुजरातेत गेला. त्यामुळे वारली जीवनाविषयीच्या जुन्या लेखनातील एकसंध प्रदेश आजच्या नकाशावर दोन राज्यांत विभागलेला आहे. ज्या विद्यार्थ्याने ग्रंथालयाच्या सूचीत केवळ 'पालघर' हा शब्द पाहिला, त्याच्या हाती फारसे काही न लागणे स्वाभाविक आहे. 'माहीम', 'ठाणे', 'डहाणू', 'उंबरगाव' आणि 'वारली' या शब्दांनी तीच सूची पुन्हा पाहावी लागते.

दुसरी अडचण वर्गीकरणाची. दशांश वर्गीकरण पद्धतीत मराठी कादंबरी ८९१.४६३ या अंकाखाली, चित्रकला ७५० च्या गटात, लोककथा ३९८ खाली, शिक्षण ३७० खाली आणि चरित्रे बहुधा ९२० खाली जातात. ज्ञानशाखांच्या दृष्टीने ही विभागणी सोयीची आहे. प्रदेशाच्या दृष्टीने मात्र तिचा परिणाम असा होतो की एकाच पाड्यावरील लग्नाचे चित्र एका कपाटात, त्या लग्नासाठी काढलेल्या कर्जाची हकीगत दुसऱ्यात आणि त्याच पाड्यावरील मुलांच्या शाळेचा वृत्तान्त तिसऱ्यात जाऊन पडतो. मराठी विभागाचा विद्यार्थी सहसा यांपैकी पहिल्या कपाटापर्यंत पोहोचतच नाही.

जुन्या ग्रंथांच्या बाबतीतही हेच घडते. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादित केलेली 'महिकावतीची बखर' इतिहासाच्या विभागात असते. वस्तुतः ती गद्यपद्यमिश्रित रचना आहे, तिचा केशवाचार्यकृत भाग १४४८ इतका मागे नेला जातो आणि 'महाराष्ट्रधर्म' या शब्दाच्या चर्चेत तिचा हवाला वारंवार दिला जातो. तारापूरचा किल्ला मराठ्यांनी जानेवारी १७३९ मध्ये घेतला आणि त्या लढाईत बाजी भिवराव रेटरेकर पडले. ही घटना ज्या वसई मोहिमेतील, तिच्याविषयीचा पत्रव्यवहार पाहावयाचा तर द. ब. पारसनीस यांनी लिहिलेल्या ब्रह्मेंद्रस्वामींच्या चरित्राकडे वळावे लागते. किल्ल्याची हकीगत सत्पुरुषाच्या चरित्रापाशी सापडावी, यातच ग्रंथशोधाचे मर्म आहे.

२. १९४५ : तीन दिशांनी झालेली नोंद

या प्रदेशाच्या ग्रंथेतिहासात १९४५ हे वर्ष विशेष लक्षणीय ठरते. त्या वर्षी के. जे. सावे यांचा 'द वारलीज' हा इंग्रजी ग्रंथ मुंबईत प्रसिद्ध झाला. वारली समाजाचे रीतिरिवाज, विधी आणि समजुती यांची पद्धतशीर नोंद करणारा हा आरंभीचा ग्रंथ होय. त्याच वर्षी जानेवारीत टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली, मे महिन्यात झरी येथे वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला आणि १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. वर्षाच्या अखेरीस, डिसेंबरात, ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. अनुताई वाघ या कामात त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

मानवशास्त्रीय वर्णन, शेतकऱ्यांचा लढा आणि बालशिक्षणाचा प्रयोग अशा तीन दृष्टींनी एकाच समाजाकडे एकाच वर्षात पाहिले गेले. परंतु यांतील पहिली नोंद समाजशास्त्राकडे, दुसरी राजकारणाकडे आणि तिसरी शिक्षणशास्त्राकडे गेली. मराठीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की नंतरच्या काळात यांपैकी दोन दिशांतून मराठी आत्मपर गद्याचे दोन ग्रंथ निर्माण झाले. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अनुताई वाघ यांनी 'कोसबाडच्या टेकडीवरून' या पुस्तकात आपल्या आयुष्याची आणि कामाची कहाणी सांगितली.

३. चौक आणि लग्नगडी

वारली चित्रकलेविषयीचे ग्रंथ उघडले की सर्वांत ठळकपणे समोर येतो तो लग्नाचा चौक. गेरूने किंवा शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी हा चौक लिहितात. मध्यभागी पालघट देवी असते आणि धवलेरी विधीची गाणी म्हणते. यशोधरा दालमिया यांच्या 'द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज' (ललित कला अकादमी, १९८८) या ग्रंथाने ही चित्रे विधी, गीत आणि दैवतकथा यांच्या संदर्भात वाचण्याची दिशा दिली. चित्र हे येथे भिंतीची सजावट नसते. लग्न सिद्धीस नेणारे ते विधीचे अंग असते, हे त्यातून स्पष्ट होते.

आता 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकातील लग्नगड्याची व्यवस्था पाहावी. लग्नासाठी पैसा नसलेला वारली तरुण जमीनदाराकडून कर्ज घेतो आणि त्या कर्जापायी त्याच्या शेतावर राबणारा बांधील गडी होतो. कर्ज फिटत नाही. त्याच्याबरोबर त्याची बायकोही जमीनदाराच्या कामाला जुंपली जाते. झरी येथील निर्धारानंतर किसान सभेच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन लग्नगड्यांना मुक्त केले, हा त्या लढ्याचा एक महत्त्वाचा टप्पा होता.

हे दोन्ही ग्रंथ स्वतंत्रपणे वाचणाऱ्या विद्यार्थ्याला दोन वेगळे समाज दिसण्याचा संभव आहे. एकात निसर्गाशी एकरूप झालेला, भिंतीवर सृष्टी रेखाटणारा समाज, तर दुसऱ्यात उपाशी, भयग्रस्त आणि मग संघटित होणारा समाज. शेजारी ठेवून वाचल्यावर लक्षात येते की दोन्ही ठिकाणी केंद्रस्थानी असलेली घटना एकच आहे, ती म्हणजे लग्न. ज्या लग्नासाठी चौक लिहिला जात होता, त्याच लग्नाने माणूस बांधला जात होता. चौकाचे सौंदर्य या जाणिवेने उणावत नाही, तर त्यामागील किंमत कळते. त्याचप्रमाणे, ज्यांच्याजवळ काहीच नव्हते असे लढ्याच्या वृत्तान्तातून वाटते, त्यांच्याजवळ विधी, गीत आणि चित्र यांची किती समृद्ध परंपरा होती, हेही कलाग्रंथांमुळे कळते. 'लग्न' या शब्दाचा या प्रदेशातील पूर्ण अर्थ एका कपाटात मावत नाही.

कोसबाडच्या अनुभवांचा संदर्भ येथे तिसरी बाजू पुरवतो. पाड्यावरील मुले शाळेत येत नाहीत, कारण त्यांना गुरे राखावयाची असतात. हे ओळखून ताराबाईंनी शाळाच कुरणावर नेण्याची कल्पना मांडली. तीच 'कुरणशाळा' होय. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही एक अभिनव पद्धती वाटते. लग्नगड्याची हकीगत वाचलेल्या वाचकाला मात्र दारिद्र्याच्या आणि वेठीच्या व्यवस्थेत मुलांच्या श्रमाची गरज कोठून येते, याचेही उत्तर त्यात दिसू लागते.

४. कथा कोठे आहे?

कलाग्रंथ आणि आत्मपर गद्य यांच्या जोडीला कथात्म साहित्याचा प्रश्न उरतो. छापील कादंबरी हाच कथेचा एकमेव निकष मानल्यास हा रकाना अपुरा दिसेल. परंतु वारली समाजात कथा ही गायिली जाते, सांगितली जाते आणि चितारली जाते. धान्याची देवता कणसरी, धरतरी, गावतरी ही त्या कथाविश्वातील पात्रे आहेत. जिव्या सोमा मशे आणि बाळू मशे यांची चित्रे व लक्ष्मी लाल यांनी इंग्रजीत पुन्हा सांगितलेल्या आख्यायिका यांचे 'द वारलीज : ट्रायबल पेंटिंग्ज अँड लेजंड्स' हे पुस्तक या दृष्टीने उल्लेखनीय आहे. एकाच पुस्तकात चित्र आणि कथा असल्यामुळे ते चित्रकलेकडे जावे की लोककथेकडे, हा प्रश्न ग्रंथपालाला पडावा असेच ते आहे.

जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांचे चरित्रही याच संदर्भात वाचावे लागते. बालपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणे सोडले आणि मातीत रेघा ओढून ते आपले म्हणणे सांगू लागले, ही गोष्ट त्यांच्याविषयी सर्वत्र नोंदली गेली आहे. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे त्यांच्या चित्रांना कागद मिळाला. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये पॅरिस येथील 'माजिसियँ द ला तेर' या प्रदर्शनात त्यांचा सहभाग होता आणि २०११ मध्ये पद्मश्री देण्यात आली. ज्याला शब्द सुचेना त्याने रेषेने कथन केले, ही घटना साहित्याच्या अभ्यासकाला कथनाच्या व्याख्येचा फेरविचार करावयास लावणारी आहे.

५. कोणाची लेखणी?

येथवरच्या ग्रंथांची यादी पुन्हा पाहिली असता एक अस्वस्थ करणारी गोष्ट ध्यानात येते. सावे, परुळेकर, वाघ, दालमिया, लाल ही सर्व नावे त्या समाजाबाहेरची आहेत. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परुळेकरांनी या लोकांसाठी तुरुंगवास पत्करला आणि अनुताईंनी आयुष्य वेचले. तरीही प्रत्येक ग्रंथ पाहणाऱ्याच्या जागेवरून लिहिला गेला आहे. परुळेकरांचे पुस्तक लढ्यानंतर पंचवीस वर्षांनी, कार्यकर्तीच्या स्मरणातून आले आहे. लाल यांच्या आख्यायिका मौखिकातून लिखितात आणि वारलीतून इंग्रजीत अशी दोन अंतरे ओलांडून आल्या आहेत. अभ्यासकाने ही अंतरे मोजली पाहिजेत.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा स्त्रीचा आहे. चौक लिहिण्याचा मान परंपरेने सवाशिणींचा. परंतु कागदावर आलेल्या चित्रांबरोबर जी नावे आरंभी प्रसिद्धीस आली ती प्रामुख्याने पुरुषांची. लग्नगड्याच्या व्यवस्थेत सर्वाधिक सोसले ते त्याच्या बायकोने, परंतु तिची हकीगत दुसरीच्या लेखणीतून येते. भिंतीवर चौक लिहिणारी आणि जमीनदाराच्या शेतावर राबणारी स्त्री एकच आहे. वर उल्लेखिलेल्या पुस्तकांत ती विषय आहे, नायिका आहे, लेखिका मात्र नाही. निरनिराळ्या कपाटांतील ग्रंथ एकत्र वाचल्याचे सर्वांत मोठे फलित म्हणजे ही रिकामी जागा दिसू लागते. एकेकटे पुस्तक वाचताना ती जाणवत नाही.

६. अध्यापनाच्या दृष्टीने

पालघर येथील महाविद्यालयाला सोनोपंत दांडेकरांचे नाव आहे. वारकरी संप्रदायाचा इतिहास लिहिणाऱ्या या विद्वानाचे मूळ केळवे-माहीम परिसरातील. अशा महाविद्यालयांच्या वर्गांत बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत राहणारी, देशाच्या अनेक भागांतून आलेल्या कामगारांची मुले असतात, तशीच डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून येणारी मुलेही असतात. तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले आणि पुढे त्याच्या विस्तारासाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे हलविली गेली. त्या गावांतील कुटुंबांची नवी पिढीही येथेच शिकते. 'लग्नगडी' हा शब्द यांतील काहींच्या घरात आजोबांच्या तोंडी असू शकतो. त्यांच्यासाठी ही यादी अभ्यासक्रमापुरती नाही, ती घरची आहे.

म्हणून मराठी विभागांनी आणि ग्रंथपालांनी मिळून प्रदेशवार सूची करण्याचे काम हाती घ्यावे. तिच्यात वाङ्मयप्रकाराची अट नसावी. प्रत्येक नोंदीपुढे ग्रंथातील स्थळाचे जुने व नवे नाव, ग्रंथ कोणत्या कपाटात आहे, लेखक त्या समाजातील आहे की बाहेरचा आणि मूळ कथन कोणत्या भाषेत होते, एवढे चार रकाने असले तरी पुरे. स्थळनावाच्या रकान्यामुळे 'माहीम' आणि 'पालघर' एकत्र येतील, तर लेखकाच्या रकान्यातील रिकामी जागा विद्यार्थ्यांना काम देईल. घरातील आजीकडून चौकाचे गाणे, लग्नाच्या कर्जाची आठवण किंवा हलविलेल्या गावाची हकीगत उतरवून घेणे हे पदव्युत्तर प्रकल्पाचे काम होऊ शकते. मात्र सांगणाऱ्या व्यक्तीची संमती घेऊन, तिचे शब्द तिच्याच बोलीत ठेवून आणि तिच्या इच्छेप्रमाणे तिचे नाव सांगणारी म्हणून नोंदवून ते व्हावे. सूचीतील पुढची नोंद तेथून यावी.