एकाच नावाची मोठी माणसे

माझे नाव गजानन. आमच्या वर्गात तीन गजानन आहेत. गुरुजींनी हाक मारली की आम्ही तिघेही उभे राहतो. एकदा दुसऱ्या गजाननची वही कोरी होती आणि बोलणी बसली मला. घरी येऊन मी रडलो. म्हटले, "मले दुसरं नाव पाह्यजे." आजोबा म्हणाले, "काहून रे? लय मोठ्या माणसायचं नाव आहे हे." मग मी माहिती जमवली.

गजानन म्हणजे हत्तीचे तोंड असलेला, आपला गणपती.

१) गजानन महाराज : संत. १८७८ साली शेगावी प्रगट झाले. १९१० साली समाधी घेतली. त्यांच्यामुळेच वऱ्हाडात हे नाव घरोघरी आहे.

२) गजानन जागीरदार : नट व दिग्दर्शक. जन्म १९०७, अमरावती. 'रामशास्त्री' (१९४४) या बोलपटात रामशास्त्री तेच झाले होते.

३) गजानन दिगंबर माडगूळकर : कवी. त्यांचे गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झाले. त्यात ५६ गीते आहेत.

४) गजानन माधव मुक्तिबोध : हेही कवी. घरची बोली मराठी, पण कविता लिहिल्या हिंदीत.

५) गजानन वाटवे : गायक. भावगीते गात.

नाव एकच, पण कामे निरनिराळी! आणखी एक गंमत सापडली. दिगंबर व माधव ही वडिलांची नावे आहेत. आता आम्ही तिघांनीही वहीवर वडिलांचे नाव घातले आहे. ज्याची वही कोरी, त्यालाच बोलणी! मला आता दुसरे नाव नको.

— गजानन, इयत्ता ४ थी, बार्शीटाकळी