सहाचे सहाच धर

अकोला

चि. बाबू,

बार्शीटाकळीच्या गोदामात सहा फोर्कलिफ्टांचे चार्जर बसवायचे आहेत आणि ‘सहाही एकदम कुठं चालतात’ म्हणून तू निम्माच लोड धरलास. मला हे पटलं नाही. घरातले दिवे-पंखे सगळे एकदम लागत नाहीत, खरं आहे. पण शिफ्ट सुटली की सहाही गाड्या एकाच वेळी चार्जिंगला येतात. कुणी अडवणार नसेल, तर सहाचे सहाच धर.

४८ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत २४ सेल. चार्जिंगला सेलमागे २.४ व्होल्ट धरले तर झाले ५८. १०० अँपिअरचा चार्जर म्हणजे ५.८ किलोवॉट, ८५ टक्के एफिशियन्सी आणि ०.८५ पॉवर फॅक्टर धरून लाइनवर ८ केव्हीए. सहांचे ४८, म्हणजे ४१५ व्होल्टवर फेजमागे ६७ अँपिअर. चार्जरच्या प्लेटवर इनपुट करंट दिलेला असेल, तर माझ्या आकड्यापेक्षा तोच खरा मान.

एवढा लोड मंजूर करून घ्यायचा, की तीन-तीनच्या पाळ्या लावायच्या? मी पाळ्याच लावीन. पहिल्या काही तासांनी बॅटरी भरत आली की करंट आपोआप उतरतो, मग पुढचे तीन लावता येतात. पण हे वॉचमनच्या आठवणीवर सोडू नकोस, टायमर बसव. लाइन जाऊन परत आली की सहाही चार्जर एकदम उठतात. टायमर त्यांना तेव्हाही मागेपुढे चालू करणारा हवा. नाही तर रात्री मेन ब्रेकर पडेल आणि सकाळी गाड्या उभ्या. शिवाय मंजूर मागणी ओलांडली, तर महावितरणच्या बिलात दंड लागतो तो वेगळाच.

पॉवर फॅक्टरसाठी कुणी नुसते कॅपॅसिटर सुचवले तर ऐकू नकोस. चार्जर हार्मोनिक्स सोडतात, त्यात साधे कॅपॅसिटर तापून फुटतात. केबल टिनाखालून जाणार असेल, तर मे महिन्यातला आपल्याकडचा ४५ अंशांचा पारा लक्षात ठेवून एक साइज मोठी घे.

आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून निघणारा हायड्रोजन. हवेत ४ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. तो हलका, वर साचतो. म्हणून हवा बाहेर जायला वाट छताजवळ ठेव आणि पॅनल बॅटऱ्यांच्या डोक्यावर लावू नकोस.

ऑर्डर देण्याआधी एक चार्जर रिकाम्या बॅटरीवर लाव, दर तासाला क्लॅम्पमीटर धर आणि ते आकडे मला पाठव.

तुझा,
मामा