हिरड्यांचे आजार : ओळख व प्रतिबंध

दात किडला की तो ठणकतो, म्हणून आपण दवाखाना गाठतो. हिरड्यांचा आजार मात्र बहुधा न दुखता वाढतो आणि दात हलू लागल्यावरच आपल्याला जाग येते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही त्याची थोडक्यात ओळख करून देत आहोत.

दात नीट स्वच्छ न केल्यास दात व हिरडी यांच्या सांध्यात जंतूंचा चिकट थर साचतो. लाळेतील क्षारांमुळे तो टणक होतो. त्यालाच कीटण म्हणतात. ते ब्रशने निघत नाही, दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. हिरडी लाल होणे, सुजणे, ब्रश करताना रक्त येणे ही आजाराची पहिली पायरी होय. या वेळी उपचार केल्यास हिरडी पूर्ववत होते. दुर्लक्ष केल्यास हिरडी दातापासून सुटते व आतील हाड झिजते. झिजलेले हाड सहसा भरून येत नाही.

आपल्या ग्रामीण भागात अनेक स्त्रिया मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखू. तिने हिरड्या घट्ट होतात, हा गैरसमज आहे. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त कमी दिसू शकते. आजार आत चालूच राहतो. शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो तो वेगळाच. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. पण घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिश्रीवर बंदी आपणच घातली पाहिजे.

मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणे कठीण जाते. गरोदरपणातही हिरड्या सुजतात. त्या काळात ब्रश बंद करू नये.

प्रतिबंधासाठी एवढे करावे :

१) सकाळी व रात्री झोपताना, मऊ ब्रशने, फ्लोराइडयुक्त पेस्ट लावून दोन मिनिटे दात घासावेत.
२) रक्त येते म्हणून घासणे थांबवू नये.
३) राखुंडी, विटेची पूड, मिश्री वापरू नये.
४) वर्षातून एकदा दात तपासून घ्यावेत.

मालेसारख्या गावाहून तपासणीसाठी पौड वा पुणे गाठायचे तर दिवसाचा रोजगार बुडतो, हे आम्ही जाणतो. परंतु गेलेले दात त्याहून महाग पडतात.

भगवान बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठ वापरण्याची अनुज्ञा दिली व ते न वापरण्याचे पाच तोटे सांगितले, असे विनयपिटकातील चुल्लवग्गात नमूद आहे. मुखशुद्धीचा हा विचार आपल्याला नवा नाही. विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आई-आजीजवळ बसा, मिश्रीच्या डबीविषयी प्रेमाने बोला. सुरुवात तेथूनच होईल.