ट्रकवरचं खोदाई मशीन घ्यावं का? आधी हिशोब वाचा



आपल्या अवजार बँकेसाठी खोदाईचं मशीन घ्यायचा विषय निघालाय. काही सभासदांचं म्हणणं असं, की जुन्या ट्रकच्या चेसीवर मागं बॅकहो बसवून मिळतो, तोच घेऊ. ट्रेलरचं भाडं नाही, एका गावचं काम उरकलं की लगेच पुढच्या गावात. ऐकायला बरं वाटतं. पण पैसा सगळ्यांच्या शेअर्सचा आहे, म्हणून आजचा मेसेज जरा लांब आहे. सवडीनं वाचा.

रस्त्यावर पळणारं मशीन तर आपल्याकडं आधीच आहे. पुढं लोडर, मागं बॅकहो असलेला जेसीबी स्वतःच्या चाकांवर ताशी 40 किलोमीटरच्या आसपास जातो. ट्रेलर लागतो तो चेनच्या पोकलेनला, कारण ते मशीन ताशी चार-पाच किलोमीटरनं सरकतं आणि डांबर उखडतं. म्हणजे ट्रकवाल्या मशीनची तुलना करायची ती जेसीबीशी. आपली गावं दहा-पंधरा किलोमीटरच्या आत. एवढ्या अंतरात ट्रक फार तर पाच-दहा मिनिटं वाचवील.

आता रस्ता सोडून रानात उतरू. टायरमध्ये जेवढी हवा, साधारण तेवढाच दाब टायर जमिनीवर टाकतो. ट्रकच्या टायरमध्ये 100 पौंड किंवा त्याहून जास्त हवा असते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये 12 ते 16 पौंड. जेसीबीचा आकडा या दोहोंच्या मधला. आणि गंमत बघा, 20 टनांचं पोकलेन मशीन रुंद चेनमुळं चौरस इंचाला सहा-सात पौंडच दाब टाकतं. काळ्या रानात एक वळीव पडला की भरलेला ट्रक कसा बसतो, हे ऊसवाल्यांना सांगायला नको. वाफसा येईपर्यंत ट्रकवरचं मशीन बांधावरच उभं राहणार. शिवाय फसलेलं ते ओढून काढायला दुसरा जेसीबी बोलवावा लागेल, तो खर्च वेगळाच.

दुसरी अडचण पायांची. खोदताना मशीन हलू नये म्हणून दोन्ही बाजूंचे पाय खाली टेकवावे लागतात. जेसीबीलाही ते असतात, पण त्याचा ऑपरेटर खुर्ची फिरवून पाय उचलतो आणि जागेवरूनच पुढं सरकतो. ट्रकवर बसवलेल्या साध्या बॅकहोला ट्रक चालवायची केबिन वेगळी आणि खोदायची जागा वेगळी. पाइपलाइनच्या चारीत दर तीन-चार मीटरला हे करायचं म्हणजे एकतर ऑपरेटरनं चढ-उतार करत राहायचं, नाहीतर ड्रायव्हर वेगळा ठेवायचा. दोन माणसांचा पगार.

मग अशी मशीनं जगात आहेत ती कशासाठी? अमेरिकेत क्लीव्हलँडला 1940च्या दशकात ग्रेडॉल नावाचं ट्रकवरचं मशीन तयार झालं. त्याचा हात कोपरातून वाकत नाही, दुर्बिणीसारखा लांब-आखूड होतो. त्यामुळं झाडाच्या फांद्यांखाली, पुलाखाली ते नीट चालतं. काम काय, तर हायवेच्या कडेची गटारं साफ करणं आणि उतार सारखे करणं. उभं राहायला पक्का रस्ता, एका जागी थोडंसं काम, आणि पुढची जागा लांब. तिथं ते मशीन खरंच चांगलं. आपल्याकडं नगरपालिकेला फुटलेल्या पाण्याच्या लाइनसाठी किंवा कालव्याच्या सर्व्हिस रोडवरून गाळ काढायला असलं मशीन शोभेल. आपलं काम बांधाच्या आत आहे.

ते काम दोन तऱ्हेचं. शेततळं आणि चारी. दोन्हीचा हिशोब करून बघू.

30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल शेततळं, बाजूचा उतार 1:1 धरला तर 2196 घनमीटर माती निघते. जेसीबीचं मागचं बकेट ढोबळमानानं पाव घनमीटरचं. मिनिटाला दोन बकेट आणि तासातली 50 मिनिटं प्रत्यक्ष काम धरलं तर तासाला 25 घनमीटर, म्हणजे जवळजवळ 88 तास. 20 टनी पोकलेनचं बकेट 0.9 घनमीटर धरा. त्याच वेगानं तासाला 90 घनमीटर, म्हणजे 24-25 तास. मुरूम कडक लागला तर दोघांचेही तास वाढतील, पण जेसीबीचे जास्त वाढतील. थोडक्यात, पोकलेनचा तासाचा दर जेसीबीच्या साडेतीन पटीपेक्षा कमी असेल तर ट्रेलरचं येणं-जाणं धरूनही शेततळ्याला पोकलेनच बघा. आपल्या भागातले दर तुम्हाला माहीत आहेत, भागून बघा. ट्रकवरचा लहान बॅकहो या कामात जेसीबीच्याही मागं राहील.

चारीचं उलटं. 100 मीटर लांब, दोन फूट रुंद, तीन फूट खोल चारीत जेमतेम 55 घनमीटर माती. जेसीबीचं दोन-अडीच तासांचं काम. त्यासाठी ट्रेलरवर पोकलेन आणणं म्हणजे मुंगी मारायला तोफ.

कागदांचं पण बोलू. गावच्या वर्कशॉपमध्ये ट्रकवर बॅकहो चढवला की ते वाहन मूळ नोंदणीप्रमाणं राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय चालत नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा आरसी बुकच मागेल. वाहन कंपनीच्या नावावर, म्हणजे नुकसानभरपाईही कंपनीच्याच गळ्यात.

ट्रॅक्टरवरचा बॅकहो मात्र विचार करण्यासारखा आहे. 50 एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर, आठ-दहा फूट खोली, आणि रानात सहज जातो. पण नुसता तीन-पॉइंट लिंकेजवर लटकवलेला घेऊ नका. खोदाईचे झटके थेट ट्रॅक्टरच्या हाउसिंगवर येतात आणि हाउसिंगला तडा जातो. पुढच्या ॲक्सलपर्यंत पोचणारी सबफ्रेम असलेलाच मागा.

शेवटी मशीन कुठलंही असो, ते तासांवर जगतं. समजा हप्ता, ऑपरेटरचा पगार आणि विमा मिळून वर्षाला 6 लाख होतात. वर्षात 1000 तास काम मिळालं तर तासाला 600 रुपये पडले. 300 तासच मिळाले तर 2000 रुपये, आणि यात डिझेल, पिना-बुश, टायर अजून धरलेलेच नाहीत. आपल्याकडं खोदाई फेब्रुवारी ते मे, पुढं पाऊस आणि उभी पिकं.

म्हणून प्रत्येकानं आपल्या गटप्रमुखाला तीन गोष्टी लिहून पाठवा: येत्या हंगामात कुठलं काम आहे (शेततळं, चारी, बांध, गाळ), अंदाजे किती मीटर किंवा किती तास, आणि शेतापर्यंत रस्ता पक्का आहे की पाणंद. "मशीन पाहिजे" एवढंच लिहू नका, त्यावरून तास काढता येत नाहीत. तासांची बेरीज 700च्या खाली आली तर मशीन न घेता हंगामापुरतं ठरावीक दरानं भाड्यानं घ्यायचा प्रस्ताव सभेपुढं ठेवू.