मित्राचे कर्ज आणि एका पानाचा हिशेब

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेत येऊन आम्ही पुष्कळ ताळेबंद मांडले. पण ते सारे 'अ' आणि 'ब' या पुस्तकातल्या भागीदारांचे. त्यांचे नुकसान झाले तरी आपली झोप उडत नाही. खराखुरा पहिला हिशेब मी मांडला तो गेल्या दिवाळीनंतर, वडगावातल्या एका मित्राच्या घरी, जमिनीवर बसून. त्या हिशेबातून जे शिकायला मिळाले ते इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे. मित्राची आणि त्याच्या आईवडिलांची परवानगी घेतली आहे. नाव मात्र लिहीत नाही.

हा मित्र माझ्या मराठी शाळेतला, एकाच बाकावरचा. घरी दोन यंत्रमाग. बहिणीच्या लग्नात खर्च हाताबाहेर गेला, पाठोपाठ वडिलांचे आजारपण आले, आणि माग तीन महिने बंद राहिले. एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तुझ्या बाबांना एक सही करायला सांगशील काय? एक फायनान्सवाला लाख रुपये द्यायला तयार आहे. जामीनदार पाहिजे म्हणतोय. नुसती सहीच, बाकी काही नाही."

भारतीय करार कायदा, १८७२ आम्ही अभ्यासला आहे. त्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. धनकोने आधी ऋणकोकडून वसुली करून पाहावी आणि मगच जामीनदाराकडे यावे, असेही बंधन नाही. परीक्षेत या प्रश्नाला मला चांगले गुण होते. त्या रात्री तोच प्रश्न माझ्या बाबांपुढे ठेवला. ते म्हणाले, "जामीन राहायचे तर ते पैसे आपणच फेडायचे आहेत असे धरून राहावे. तेवढे आपल्याकडे आहेत काय, ते तू सांग." नव्हते. दुसऱ्या दिवशी मी मित्राला नाही म्हणालो. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी मी एक कोरी वही घेऊन त्याच्या घरी गेलो.

सगळी देणी एका पानावर

कर्जात बुडालेल्या घरात गेल्यावर पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी की एकूण देणे किती, हे कोणालाच ठाऊक नसते. वडिलांना सोसायटीचा हप्ता माहीत, आईला महिला गटाचा. सावकाराचे नाव कोणी काढीत नाही. मी विचारले तेव्हा मित्राचे वडील प्रथम उठून मागाकडे गेले. काकू मात्र बसल्या. दोन संध्याकाळी लागल्या, तेव्हा पुढील यादी तयार झाली.

१. सोसायटीचे कर्ज : बाकी १,४०,००० रु.; व्याज द. सा. द. शे. १६
२. महिला गटामार्फत काकूंच्या नावे घेतलेले मायक्रोफायनान्स : बाकी ३८,००० रु.; व्याज द. सा. द. शे. २४
३. खाजगी सावकार : ६०,००० रु.; शेकडा ५ रु. महिना
४. बँकेत सोनेतारण, काकूंच्या दोन बांगड्या : ५०,००० रु.; व्याज द. सा. द. शे. १०
५. किराणा दुकान आणि नातेवाईक : १५,००० रु.; बिनव्याजी

बेरीज ३,०३,००० रुपये झाली. पण हिशेब जुळेना. घरात येणारे आणि घरातून जाणारे पैसे यांत तूट दिसत होती, आणि ती कोण भरून काढतो हे यादीत कुठेच नव्हते. तिसऱ्या दिवशी मला रस्त्यापर्यंत सोडायला आलेल्या मित्राने ते सांगितले. मोबाईलवरच्या एका अ‍ॅपमधून तो आठवड्याच्या मुदतीने पैसे उचलीत होता. एकाचे फेडायला दुसरे. सहा महिन्यांत घरखर्चाला ९,००० रुपये दिले आणि डोक्यावर १२,००० झाले. "रात्री झोप नाही रे. कुठेतरी निघून जावंसं वाटतंय," असे तो म्हणाला. मी त्याला तसाच सोडला नाही. परत घरात घेऊन गेलो आणि सहावी रक्कम त्याच्याच हाताने वहीत लिहवून घेतली. काकू रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "आधी सांगायचं नाही होय रे?" एकूण देणे ३,१५,००० रुपये.

येथे अभ्यासाबाहेरची एक गोष्ट सांगतो. मित्र असे बोलू लागला तर हिशेब बाजूला ठेवावा आणि त्याला एकटे सोडू नये. १४४१६ हा सरकारी 'टेलिमानस' सेवेचा मोफत क्रमांक आहे. तेथे रात्रीबेरात्रीही बोलता येते.

दर एकाच मापाने मोजा

दुकानात कोणी गजाने, कोणी मीटरने कापड मोजू लागला तर भावाची तुलना होत नाही. व्याजाचेही तसेच आहे. सावकार म्हणतो, "शेकडा पाचच." पण ते महिन्याचे आहे, वर्षाचे ६० टक्के होतात. ६०,००० वर महिना ३,००० रुपये. मित्राच्या वडिलांनी २२ महिने हे व्याज भरले होते, म्हणजे ६६,००० रुपये. मुद्दल जागचे हललेले नव्हते.

ज्या नव्या कर्जासाठी सही हवी होती, त्याचा दर "फक्त १२ टक्के" होता. हा दर 'फ्लॅट' होता. लाख रुपयांवर दोन वर्षांचे व्याज २४,००० रु. धरून, १,२४,००० रुपये २४ हप्त्यांत. हप्ता सुमारे ५,१६७ रु. पण दर महिन्याला मुद्दल फिटत जाते, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर. घटत्या बाकीवर हिशेब केला तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या वर जातो. म्हणून कर्ज घेताना "घटत्या बाकीवर वार्षिक दर किती?" हा एकच प्रश्न विचारावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी आणि वित्तसंस्थांनी अशा किरकोळ कर्जाच्या आधी, सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर लिहिलेले माहितीपत्रक द्यावे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते मागून घ्यावे.

महिन्याचा जमाखर्च

आता कोणी म्हणेल, साडेएकवीस टक्क्यांचे कर्ज काढून साठ टक्क्यांचे फेडणे शहाणपणाचेच आहे. दराकडे पाहिले तर म्हणणे बरोबर आहे. मीही पहिल्या रात्री तसेच समजत होतो आणि आपण नकार देऊन चूक केली असे मला वाटले. पण मग महिन्याचा जमाखर्च मांडला.

मागाचे १४,०००, काकूंच्या शिवणाचे ४,०००, मित्र सकाळी एका दुकानात हिशेब लिहितो त्याचे ५,००० : एकूण जमा २३,००० रु. घरखर्च, वीज आणि औषधे १२,५००. कर्जासाठी उरतात १०,५००. आणि जात होते किती? सोसायटी ५,२००, मायक्रोफायनान्स ३,४००, सावकार ३,०००, सोनेतारणाचे व्याज साधारण ४००, मिळून १२,०००. दर महिन्याला १,५०० ची तूट. सहा महिन्यांची तूट ९,००० रुपये. मित्राने अ‍ॅपवरून उचललेली रक्कम नेमकी तेवढीच होती!

नवे कर्ज घेऊन सावकार आणि अ‍ॅप यांना मिटवले असते, तरी महिन्याचे देणे १४,००० च्या वर गेले असते. म्हणजे काही महिन्यांतच हप्ता चुकला असता आणि फायनान्सवाला माझ्या बाबांच्या दारात आला असता. यावरून मी असे शिकलो की कर्जाचा दर परवडणे वेगळे आणि हप्ता परवडणे वेगळे. दोन्ही पाहिल्याशिवाय सही करू नये.

आधी कोणते फेडावे?

ज्याचा दर सर्वांत जास्त ते आधी, हा साधा नियम. पण सावकाराला द्यायला ६०,००० आणायचे कोठून? वहीतल्या चौथ्या ओळीवर काकूंनी बोट ठेवले. बांगड्या तारण ठेवल्यापासून सोन्याचा भाव पुष्कळ वाढला होता. मी ते सुचवायला कचरत होतो, कारण ते त्यांचे स्त्रीधन, निर्णय त्यांचाच. त्या म्हणाल्या, "बांगड्या बँकेत आहेत, माझ्या हातात नाहीतच की. व्याज मात्र माझ्या घरातनं जातंय."

मित्राच्या मामांनी चार दिवसांसाठी ५०,००० रुपये दिले. त्यातून बांगड्या सोडवल्या आणि विकल्या. १,२४,००० रुपये आले. मामांचे ५०,०००, सावकाराचे ६०,००० आणि अ‍ॅपचे १२,००० परत केले. दोन हजार उरले, ते मागाच्या दुरुस्तीला ठेवले.

सावकाराकडे वडिलांनी सही केलेला एक कोरा चेक होता. पैसे देताना तो परत घेतला आणि पूर्ण रक्कम पोचल्याची पावती लिहून घेतली. याचे महत्त्व वाणिज्याच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. असा चेक कोणी रक्कम भरून बँकेत टाकला आणि तो न वटता परत आला, तर १८८१ च्या पराक्राम्य लेख कायद्याच्या १३८ व्या कलमाखाली खटला अंगावर येऊ शकतो. पैसे फिटले पण कागद राहिला, तर कर्ज फिटले असे समजू नये.

आता महिन्याचे देणे ८,६०० वर आले आणि १,९०० रुपये उरू लागले. त्यातून आठ महिन्यांत दुकानाची आणि नातेवाइकांची उधारी मिटेल. मायक्रोफायनान्स तेरा महिन्यांत संपेल. तो सुटलेला ३,४०० चा हप्ता सोसायटीकडे वळवला, तर चौतीस महिन्यांचे कर्ज सुमारे पंचवीस महिन्यांत फिटते. हे सारे माग चालू राहिले तर, हे उघडच आहे. तरी "कधी संपेल?" या प्रश्नाला त्या घरात प्रथमच एक उत्तर मिळाले.

कायदा काय म्हणतो?

कर्जबाजारी माणूस धमकीला घाबरतो, कारण त्याला नियम माहीत नसतात. काही नियम येथे देतो. कर्नाटकात सावकारी करायला १९६१ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि अवाजवी व्याजाविरुद्ध २००४ चा कायदा आहे. लहान कर्जांच्या वसुलीतल्या जबरदस्तीविरुद्ध २०२५ साली राज्याने आणखी एक कायदा आणला. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे, मायक्रोफायनान्सचे कर्ज देताना कुटुंबाचे सर्व हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मित्राच्या घरी ते २३,००० पैकी १२,००० होते, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. वसुलीसाठी धमकी देणे किंवा नातेवाइकांना त्रास देणे याला मनाई आहे. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने मोबाईलमधील लोकांचे क्रमांक उचलणेही बसत नाही. बँक किंवा वित्तसंस्था दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून दख्खनचे दंगे सुरू झाले. शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या घरातल्या खतांवर आणि रोख्यांवर होता. ते हिसकावून त्यांनी जाळले. कर्जाचा कागद एकाच बाजूकडे होता आणि तो वाचताही येत नव्हता, हे त्यामागचे एक मोठे दुःख. पुढे १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याला पावती, हिशेबाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. आणि १९०५ साली आपल्यापासून फार दूर नसलेल्या गदगजवळच्या कणगिनहाळ गावात देशातल्या सुरुवातीच्या सहकारी पतसंस्थांपैकी एक उभी राहिली. तेव्हा कागद जाळावा लागला. आज आपल्याला तो लिहिता येतो. लिहिता येत असून न लिहिणे हा आपला दोष.

आमच्या कन्नड विभागातल्या मित्रांना एक गंमत ठाऊक असेल. कन्नडमध्ये 'साल' म्हणजे कर्ज. मराठीत 'साल' म्हणजे वर्ष. मित्राच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही पंचवीस महिन्यांचे पंचवीस चौकोन आखले आहेत. हप्ता भरला की काकू त्यावर फुली मारतात. हा लेख लिहिताना पाच फुल्या झाल्या आहेत. पहिल्या फुलीच्या दिवशी मित्राचे वडील मागावरून उठून आले आणि वही हातात घेऊन बराच वेळ पाहत बसले.

मी त्या घराला एक रुपयाही दिला नाही आणि सहीही दिली नाही. नाही म्हणालो याचे वाईट आजही वाटते. पण नाही म्हणून घरी बसलो असतो तर ते जास्त वाईट झाले असते. विद्यार्थी मित्रांनो, आपल्याकडे पैसा नसतो. पण बेरीज-वजाबाकी येते, दोन भाषांतले कागद वाचता येतात, आणि संध्याकाळ मोकळी असते. एखादा मित्र सही मागायला आला तर आधी त्याच्या घरी वही घेऊन जावे, एवढेच सांगणे आहे.