खिशातला कॅमेरा, भिंतीवरचा फोटो

काय करावं

• आधी भिंत मोजा, मग दुकानात जा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर तो २० बाय १३ इंच छापता येतो, २०० धरले तर ३० बाय २०. एवढा मोठा फोटो कुणी नाक लावून पाहत नाही, चार पावलं मागे सरकूनच पाहतो. त्यामुळे घरच्या भिंतीला २०० पुरतात, आणि २४ मेगापिक्सेलही.

• सेन्सर एपीएस-सी किंवा फुल फ्रेम घ्या. पहाटे दादरच्या फूलबाजारात आयएसओ ३२०० च्या खाली उतरता येत नाही. लहान सेन्सरवर झेंडूच्या पाकळ्यांचा तिथे नुसता केशरी लगदा होतो.

• रोज बरोबर नेला जाईल असाच कॅमेरा निवडा. रिको जीआर ३ बॅटरीसकट २५७ ग्रॅमचा, शर्टाच्या खिशात मावणारा. फोकसचं अंतर आधीच ठरवून ठेवायची त्यातली सोय मला सर्वांत मोलाची वाटते, कारण रस्त्यावरचा क्षण फोकस लागेपर्यंत थांबत नाही.

• विकत घेण्याआधी स्वतःचं कार्ड घालून दुकानाबाहेरच्या रस्त्यावर पाच-दहा फोटो काढा. त्यांतल्या एकाचा २४०० बाय १६०० पिक्सेलचा तुकडा कापून १२ बाय ८ इंचांवर छापा. ३० इंची प्रिंटमध्ये तो भाग हुबेहूब असाच दिसेल. खर्च किरकोळ, पण कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर लपलेलं सगळं कागदावर उघडं पडतं.

काय टाळावं

• ‘लांबून टिपू, नंतर कापू’ हा हिशेब. लांबी-रुंदी निम्मी केली की २४ चे ६ मेगापिक्सेल उरतात. रुंद लेन्स घेणार असाल तर माणसांच्या जवळ जायची, त्यांच्याशी दोन शब्द बोलायची तयारी ठेवा. तेवढं जवळ जाववत नसेल तर ४० किंवा ५० मिमीची नजर देणारा कॅमेरा घ्या.

• मेगापिक्सेलच्या मागे धावणं. मोठे प्रिंट बहुतेक वेळा हललेल्या हाताने आणि चुकलेल्या फोकसने बिघडतात. चालत्या माणसांसाठी शटर १/२५० च्या खाली नेऊ नका.

• फोकसच्या तयार तक्त्यांवर डोळे मिटून विश्वास. ते साधारण १० बाय ८ इंची प्रिंट गृहीत धरून बनवलेले असतात. एपीएस-सी सेन्सर, १८ मिमीची लेन्स, एफ ८, फोकस २ मीटरवर: तक्ता म्हणेल, एका मीटरपासून पार चाळीसपर्यंत सगळं स्पष्ट. दुप्पट मोठ्या प्रिंटमध्ये हाच पट्टा जेमतेम सव्वा ते पावणेचार मीटरचा उरतो.

• फक्त इलेक्ट्रॉनिक शटर असलेला कॅमेरा. बहुतेकांत धावती लोकल तिरकी दिसते आणि एलईडी दिव्यांखाली पट्टे उमटतात.

• पावसाळ्यात वापरलेला कॅमेरा तसाच बॅगेत कोंबणं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते. नीट पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा.